पुकारकाकांची तिसरी हाक

आमच्या बिल्डिंगमध्ये असं बोललं जातं, की पुकारकाकांनी स्वतःच्या मुलीचा नंबर दोनदाच पुकारला आणि तिसरी हाक गिळून टाकली. औषधाची गोळी गिळावी तशी. म्हणून तिची आर्किटेक्चरची जागा गेली. का गिळली, याची उत्तरं मजल्यागणिक वेगळी. दुसरा मजला म्हणतो, पोरगी आपल्यापुढे गेलेली बापाला बघवली नसती. तिसरा मजला म्हणतो, साहेबांपुढे मिरवायचं होतं. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तर काकांनी माईकच बंद केला होता.

सगळं खोटं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ही अफवा आमच्याच स्वयंपाकघरात जन्मली आणि तिला नटवून-सजवून जिन्यावर मी मिरवलं. हातात डाव धरायचा, तोच माईक. "क्रमांऽक दोनशे एक्केचाळीस, पहिली हाक! क्रमांऽक दोनशे एक्केचाळीस, दुसरी हाक!" मग इकडे-तिकडे चोरून बघायचं आणि गटकन आवंढा. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना हसता हसता तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या होत्या, इतकं छान जमायचं मला.

काकांनी तिन्ही हाका दिल्या होत्या. नीट, सावकाश, नियमाला धरून. तेच तर वाईट झालं.

काका आमच्या समोरच्या दारात राहतात. विद्यापीठाच्या प्रवेश विभागात कारकून आहेत. वर्षाचे अकरा महिने ते फायलींना दोरे बांधतात, दाखल्यांवर शिक्के मारतात आणि आलेल्या माणसाला खिडकी नंबर चारकडे पाठवतात. खिडकी नंबर चारवाला त्याला परत काकांकडे पाठवतो. या अकरा महिन्यांत त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नाही. घरीही नाही. मीठ हवं असेल तर ते बरणीकडे बघतात. कोमट पाणी हवं असेल तर दोन बोटं गळ्याला लावतात. काकू म्हणतात, "यांच्यापेक्षा कपाटाशी लग्न केलं असतं तर उघडताना निदान करकरलं तरी असतं."

बाराव्या महिन्यात मात्र काका बोलतात, आणि अख्खं सभागृह श्वास रोखून ऐकतं.

त्याचं असं आहे. विद्यापीठात नऊ स्कूलं आहेत. शाळा म्हटलं की डबा आणि गृहपाठ आठवतो, म्हणून सगळे स्कूलच म्हणतात. बारावीनंतर सगळ्यांची मिळून एक परीक्षा, सगळ्यांची मिळून एक गुणवत्ता यादी. बहुतेक जागा घरबसल्या कॉम्प्युटरवरच वाटल्या जातात. पण कुणी जागा सोडतं, कुणी दुसऱ्या गावी जातं, कुणाचे कागद खोटे निघतात. अशा उरल्यासुरल्या जागा तीन दिवस सभागृहात, समोरासमोर वाटतात. कागदावर तिचं नाव 'प्रत्यक्ष रिक्त जागा फेरी'. कागदाबाहेर सगळे म्हणतात, हाकफेरी.

समोर मोठा फळा. त्यावर नऊ स्कूलांची नावं आणि पुढे शिल्लक जागा. फळ्याशी एक बाई ओलं फडकं घेऊन उभ्या. एक जागा गेली की त्या जुना आकडा पुसतात आणि नवा लिहितात. पुसताना खाली चारशे माणसं एकदम "स्स" करतात. आर्किटेक्चरचा आकडा पुसताना जरा जास्तच, कारण चाळीस जागांच्या त्या स्कूलसाठी अर्ध्या गावाची पोरं झुरत असतात.

नंबर पुकारला की उठायचं, टेबलावरच्या तिघांपुढे जायचं, दोन मिनिटांत स्कूल निवडायचं, मूळ कागद द्यायचे आणि सही. न उठल्यास दुसरी हाक. मग तिसरी. प्रत्येक हाकेनंतर दहा मोजायचे. सभागृहातलं घड्याळ कित्येक वर्षं दोन वीसवर बंद आहे, म्हणून काका बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत मोजतात. तिसऱ्या हाकेचे दहा संपले की नंबर मेला. मग तुमचा बाप कुणीही असो.

आता ती हाक कशी, ते लिहून दाखवणं कठीण आहे, तरी बघते. 'क्रमांऽक' म्हणताना काका विहिरीतून भरलेली बादली ओढतात. आकडा म्हणताना ती बादली काठावर ठेवतात, हळूच, न सांडता. 'पहिली हाक' सपाट. 'दुसरी हाक' थोडी प्रश्नासारखी. 'तिसरी हाक' मात्र दारात उभं राहून कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. त्यांचे दहा म्हणजे आमच्या मोरीच्या नळाखाली पितळी तांब्या काठोकाठ भरायला लागतात तेवढे. मी तांब्यावर सराव केलाय. आई ओरडायची, पाणी फुकट घालवू नकोस म्हणून.

सभागृहात बसलेल्या लोकांचं काय सांगू. तिथे कुणीही कुणाचं वाईट चिंतत नाही, फक्त काळजी करतं. एक बाई शेजारच्या मुलाला म्हणते, "चेहरा किती सुकलाय रे बाळा, जा, खाली जाऊन चहा घेऊन ये, मी सांगते ना तुझा नंबर आला तर." बाळाचा नंबर बाईंच्या लेकीच्या अलीकडचा. एक गृहस्थ चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणतात, "आर्किटेक्चरमध्ये आता काही राम नाही हो! पोरं नुसती फिरतात नकाशाच्या सुरळ्या घेऊन!" आणि त्यांच्या मुलाच्या मांडीवरच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलेलं असतं? आर्किटेक्चर. नंबर पुकारला आणि कुणी उठलं नाही की अख्खी रांग मान वळवून दाराकडे बघते. तो यावा म्हणून नाही. येत तर नाही ना, म्हणून.

काकांची मुलगी, म्हणजे आमची ताई. बिल्डिंगमध्ये तिला फूटपट्टी म्हणतात, मला रेडिओ. तिने लहानपणापासून सगळं मोजलंय. जिन्याच्या पायऱ्यांची उंची, दारांची रुंदी, शिंपीणबाईंच्या खोलीत मशीन कुठे ठेवलं तर उजेड हातावर पडेल, सगळं. जिन्याची पाचवी पायरी बाकीच्यांपेक्षा तीन बोटं उंच आहे म्हणून म्हातारी माणसं तिथेच ठेचकाळतात, हे तिनेच शोधून काढलं. बिल्डिंग बांधणाऱ्याला ते अजून माहीत नाही. तिला एकच स्कूल हवं होतं. फॉर्मवर नऊ रकाने होते. तिने एकच भरला आणि आठ तसेच सोडले. प्रवेशपरीक्षेला दोनदाच बसता येतं, तेही तिला माहीत होतं.

गेल्या वर्षी तिचा नंबर आला दोनशे एक्केचाळीस. आमच्या दादाचा दोनशे बेचाळीस. त्यात नवल नाही. दोघं एकाच टेबलावर, एकाच वहीतून अभ्यास करायचे. वही ताईची असायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी आर्किटेक्चरची एकच जागा उरली होती. काका सकाळपासून पुकारत होते. त्यांची पाण्याची बाटली संपली होती. दोनशे एकोणतीस नंबर टेबलाशी गेला तेव्हा त्यांनी सवयीने दोन बोटं गळ्याला लावली. घरी लावतात तशी. कुणाकडे बघून लावली नव्हती. पण ताईने बघितलं.

तिने हिशेब केला. मधे अकरा नंबर. प्रत्येकाची दोन मिनिटं. वीस मिनिटं सहज. ती खाली कँटीनमध्ये कोमट पाणी आणायला गेली.

त्या दिवशी दुसऱ्या एका विद्यापीठाचीही फेरी होती. ते अकराच्या अकरा जण तिकडे गेले होते. हजर नंबराला दोन मिनिटं लागतात, पण गैरहजर नंबर अर्ध्या मिनिटात मरतो. ही गोष्ट अख्ख्या गावात ज्या एका माणसाला सगळ्यात नीट माहीत होती, तो माणूस माईक धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांसमोर अकरा नंबर साडेपाच मिनिटांत संपले.

"क्रमांऽक दोनशे एक्केचाळीस, पहिली हाक."

तीन हाका. तीनदा दहा. मग काकांनी पान उलटलं.

हे सगळं मला दादाने सांगितलं, तेही सहा महिन्यांनी. तो जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं कसलंसं मॉडेल कापत बसला होता, आणि मी पाहुण्यांपुढे माझा तो आवंढ्याचा कार्यक्रम करत होते. पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, "पुन्हा करू नकोस ते."

"का? तुला काय झोंबलं?"

"तिन्ही दिल्या त्यांनी. मी मोजत होतो."

"मग ताई?"

"दारात होती. माझं नाव लिहून घेत होते तेव्हा आली. हातात ग्लास होता. वाफ येत होती त्यातून."

"आणि तू सही केलीस?"

"नंबर आला होता माझा," तो म्हणाला, आणि पुठ्ठा उगाचच वाकडा कापला. दादाला आर्किटेक्चर हवं होतं असंही नाही. ताईला हवं होतं, म्हणजे चांगलंच असणार, एवढंच त्याला माहीत होतं. हल्ली तो मॉडेलं करताना शिव्या घालतो आणि खिडक्या मोजायच्या विसरतो.

मग 'तिसरी हाक दिलीच नाही' हे आलं कुठून? आईकडून. जागा मिळाल्याच्या संध्याकाळी समोरच्या दारातून कुणाचाच आवाज येईना, आणि आमच्या घरात आनंद कुठे ठेवावा ते कुणाला कळेना. आई कणीक मळता मळता म्हणाली, "आपण काही कुणाचं हिसकावून घेतलं नाही. तिच्या बापानेच तिसरी हाक दिली नाही म्हणे." कोण म्हणे, ते तिने सांगितलं नाही. आईच्या 'म्हणे'ला मुळं नसतात, नुसत्या फांद्या असतात. ते ऐकून बाबांना बरं वाटलं. दादा पानावरून उठून गेला. आणि मला कार्यक्रम मिळाला.

ताई वर्षभर बापाशी नीट बोलली, हेच विशेष. भांडली असती, दोन भांडी आपटली असती तर काकांना सोसलं असतं. ती म्हणायची, "चूक माझीच, बाबा. मी उठून जायला नको होतं." हे ऐकलं की काका चपला घालून बाहेर जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे.

भांडल्या त्या काकू. "दहाचे पंधरा केले असते तर आभाळ कोसळलं असतं?" "खोकला आला म्हणायचं! ठसका लागला म्हणायचं! एरवी रात्रभर खोकता ना!" काका बरणीकडे बघायचे. विभागाने मात्र उत्तर दिलं. काकांना 'निष्पक्ष सेवेबद्दल' प्रमाणपत्र मिळालं, जाड, चकचकीत, लॅमिनेशन केलेलं. काकूंनी ते शेगडीमागच्या भिंतीला लावलं. फोडणीचं तेल भिंतीवर उडत नाही आता.

यंदा ताई दुसऱ्यांदा बसली. शेवटची संधी. नंबर आला एकशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे सुधारला, पण पुन्हा हाकफेरीतच. काका साहेबांकडे गेले आणि म्हणाले, यंदा दुसऱ्या कुणालातरी पुकारायला सांगा. हे मला काकूंनी सांगितलं, आणि साहेबांचा आवाज त्यांनाही बरा जमतो: "अहो, असं कसं! तुमच्यामुळे विभागाची इभ्रत आहे! नातेवाइकाने टेबलावर बसू नये असा नियम आहे. पुकारणाऱ्याबद्दल नियमात एक अक्षर नाही." बरोबरच आहे. पुकारणारा कुठल्याच कागदावर नसतो.

फेरीच्या आदल्या आठवड्यात काका मला जिन्यात भेटले. हातात पिशवी, पिशवीत दोन नव्या पाण्याच्या बाटल्या. मी म्हटलं, "काका, पैज लावता?"

त्यांनी भुवया वर केल्या. त्यांच्यासाठी ते भाषणच.

"यंदा ताईचा नंबर जवळ आला की तिच्या आधीच्यांना तुमच्या दहाचे आठ होणार. तिच्या बाजूने. होणारच."

मला वाटलं, नेहमीसारखे निघून जातील. पण ते थांबले. म्हणाले, "मोजणार कोण?"

"मी. तुमचे दहा माझ्याइतके कुणाला पाठ आहेत?"

"लागली पैज. हरलीस तर माझी नक्कल बंद. कुणापुढे नाही. कधीच नाही."

"आणि जिंकले तर?"

"तर मी शिकवीन." पिशवी या हातातून त्या हातात गेली. "दुसऱ्या हाकेला तू श्वास चुकीच्या ठिकाणी घेतेस, रेडिओ. आवंढाही फार लवकर येतो."

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. सगळं. आवंढ्यासकट. मला धरणी दुभंगावी असं झालं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "यंदा सगळे मोजतील. बघ तू." आणि वर गेले. एवढी वाक्यं ते माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते, आणि माझ्याकडे त्यावर नक्कल करण्यासारखं काही नव्हतं.

फेरीला उमेदवाराबरोबर एकाला आत सोडतात. काकू म्हणाल्या, "मला तो आवाज ऐकवत नाही." म्हणून मी गेले. ताई पहिल्या रांगेत बसली. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. तिच्यामागचा नंबर एकशे नव्व्याण्णव, म्हणून त्याची आई शेजारी येऊन बसलीच. "चहा घेतेस का गं राणी? खाली छान मिळतो."

"नको, मावशी. यंदा मी काहीच पीत नाही."

काका उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही बाटल्या भरलेल्या, एकीलाही हात नाही. ताईकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. फळ्यावर आर्किटेक्चरपुढे सकाळी पाच होते. एकशे ऐंशीपर्यंत तीन. एकशे नव्वदला दोन. एकशे ब्याण्णव नंबरच्या मुलीने एक घेतली, बाईंनी दोन पुसून एक लिहिला. एकशे त्र्याण्णव पशुवैद्यक. एकशे चौऱ्याण्णव नर्सिंग. एकशे पंच्याण्णवचा बाप आणि मुलगा टेबलापाशीच भांडले आणि शेवटी अन्नतंत्र घेऊन गेले, दोघंही रडवेले. एकशे शहाण्णव गैरहजर. ताई मांडीवरच्या फाइलची रुंदी वितीने मोजत होती.

"क्रमांऽक एकशे सत्त्याण्णव, पहिली हाक."

कुणी उठलं नाही. अख्ख्या सभागृहाने दाराकडे बघितलं. दार रिकामं.

"क्रमांऽक एकशे सत्त्याण्णव, दुसरी हाक."

रिकामं. ताईने फाइल उचलून छातीशी धरली. फळ्याजवळच्या बाई वळून तिच्याकडे बघायला लागल्या. कोणाची मुलगी ते त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी फडकं आधीच पिळून तयार ठेवलं होतं.

"क्रमांऽक एकशे सत्त्याण्णव, तिसरी हाक."

मी मोजायला लागले. त्यांच्या अंगठ्याकडे बघत. एक, दोन, तीन. टेबलावरचे तिघे आधीच्या कागदांवर सह्या करत होते. चार, पाच. मागे कुणाचातरी फोन वाजला आणि बंद झाला. सहा. सात. आता उलटा पान, काका. मला पैज जिंकायची होती म्हणून नाही. आठ. उलटा ना. नऊ.

दहा.

तांब्या काठोकाठ भरला. मी ताईकडे बघून हसलेसुद्धा. ती अर्धी उठली होती.

काकांनी पान उलटलं नाही. अंगठा पुढच्या पेरावर गेला. अकरा. त्यांचे डोळे कागदावरून वर आले आणि सभागृहावरून फिरले, एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर, जणू प्रत्येकाच्या हातात एकेक घड्याळ आहे. कुणीही मोजत नव्हतं. चारशे माणसांत मी सोडून एकही माणूस मोजत नव्हता. काकांना वाटत होतं, सगळे मोजतायत.

अकरा आणि बाराच्या मधे जिन्यावर पावलं वाजली. एक उंच, किडकिडीत मुलगा दारात आला. एका बुटाची नाडी सुटलेली, कागद फाइलच्या कडेने बाहेर आलेले, दम लागलेला. "मी! एकशे सत्त्याण्णव! दुसऱ्या इमारतीत गेलो होतो!"

बारा.

"हजर," काका म्हणाले.

त्या मुलाची काही चूक नाही, हे मी लिहून ठेवते. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो धापा टाकत टेबलाशी गेला आणि फळ्याकडे बघून म्हणाला, "आर्किटेक्चर आहे अजून? खरंच?" बाईंनी एक पुसला आणि शून्य काढलं. खाली चारशे जणांनी "स्स" केलं.

"क्रमांऽक एकशे अठ्ठ्याण्णव, पहिली हाक."

बादली तशीच ओढली, तशीच काठावर ठेवली. एक थेंब सांडला नाही. ताई पहिल्या हाकेलाच उठली. टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "कुठलं स्कूल?"

"कुठलंही."

"कुठलंही असं स्कूल नाही, बाई. फळ्याकडे बघून सांगा. दोन मिनिटं आहेत."

तिने दोन मिनिटं पुरती घेतली. मग मत्स्यशास्त्र म्हणाली. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला पोहतासुद्धा येत नाही. सही करून ती माझ्याकडे आली, पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल. बाबांना अजून साठ-सत्तर नंबर आहेत."

संध्याकाळी काका आले तेव्हा मी आमच्या दारातच उभी होते. बाटल्या तशाच भरलेल्या. ते किल्ली शोधत होते, किल्ली हातातच होती.

"पैज?" त्यांनी विचारलं. आवाज बसला होता.

दहाचे आठ होतील म्हटलं होतं मी. ताईच्या बाजूने म्हटलं होतं. "हरले," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "किती झाले" असं विचारलं नाही. विचारतील म्हणून मी उत्तर दोन तऱ्हांनी तयार ठेवलं होतं. ते आत गेले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला: "नियम पाळला म्हणे! तुमच्या नियमाला पोरगी झाली असती तर बरं झालं असतं!"

आता बिल्डिंग माझ्या मागे लागली आहे. शिंपीणबाई म्हणतात, "यंदाची हाक करून दाखव की गं, टाचण्या आधीच काढून ठेवते." चौथा मजला म्हणतो, यंदा त्यांनी म्हणे त्या मुलाला स्वतः जिन्यावरून हात धरून आणला. मी करून दाखवली तर कळेल सगळ्यांना. माझ्या मोजण्यात फरक पडत नाही. जेवढे झाले तेवढेच होतील, बारा.

काल गच्चीवर ताई भेटली. कपडे वाळत घालत होती. एक ओढणी झटकून दोरीवर टाकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "रेडिओ, तुझा कान चांगला आहे. ती एकशे सत्त्याण्णवची तिसरी एकदा करून दाखव ना. पूर्ण. मोजण्यासकट."

मी म्हटलं, "मी पैज हरलेय, ताई."